सात वाट्या खारीक

अर्धा किलो खारीक म्हणजे किती वाट्या?

हा प्रश्न मी राजाजीनगरात चौघांना विचारला, उत्तर एकानेही दिलं नाही. वहिनी म्हणाल्या, "सासूबाई अंदाजाने घालायच्या." शेजारचे भीमाचार्य मास्तर म्हणाले, "वाटी केवढी?" दुकानदार शिवाप्पा म्हणाला, "स्वल्प थांबा," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ज्याला नक्की ठाऊक होतं तो माझा थोरला भाऊ, अण्णा, तीन महिन्यांपूर्वी तापाने गेला. (चौथा तोच. फोटोला विचारलं.)

वहिनींचं बाळ महिन्याचं झालं होतं. वहिनी पानावर बसायच्या आणि चार घास खाऊन उठायच्या. बाळंतिणीच्या लाडवांचं सामान अण्णाने आधीच भरपूर आणून डब्यात भरलं होतं. वर चिठ्ठी: 'खारकेची पूड अर्धा किलो, बेदाणे पाव किलो...' लेथवर काम करणारा माणूस, सगळं शेर सोडून नव्या किलोत, काट्याबरहुकूम. घरात काटा नव्हता. माझं गणित चौथीत संपलेलं. पण आठ दिवसांत वहिनींचे भाऊ त्यांना धारवाडला न्यायला येणार होते. म्हटलं, लाडू मीच करतो.

वाटी घेऊन शिवाप्पाकडे गेलो. त्याने अर्धा किलो अख्ख्या खारका तोलल्या, मी वाटीने मोजल्या. सात वाट्या. (डबाच दुकानात न्यावा हे मला नंतर सुचलं. मला सगळं नंतरच सुचतं.) घरी येऊन डब्यातल्या खारका कुटल्या आणि पूड सात वाट्या घेतली, अंगठ्याने दाबून दाबून. पुतण्याच्या आईला कमी कशाला?

तूप आणि गूळ तेवढेच, पूड भरमसाट. लाडू वळेनात. म्हणून आणखी गुळाचा पाक घट्ट आटवून ओतला. मग वळले. गार झाल्यावर एक हातातून पडला आणि फरशीचा टवका उडाला.

भीमाचार्य बघायला आले. "गुंडो, अख्खी खारीक वाटीत आडवीतिडवी बसते. तू निम्मी हवा मोजलीस. पुडीत कुठली हवा?"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"वाटी केवढी म्हणून विचारत होतो, तोवर तू पळालास."

वहिनींनी लाडू दाताखाली धरला, मग अडकित्त्यात. अडकित्ता वाकला.

"भावजी, हे तुमच्या अण्णांच्या लेथवरच लावायला हवेत," असं म्हणून त्या हसू लागल्या. हसता हसता रडू लागल्या. मीही. काही सुचेना, म्हणून तो लाडू दुधात टाकून उकळत ठेवला. तासाभराने विरघळला. वहिनींनी दोन वाट्या संपवल्या आणि तिसरी मागितली.

"खीर छान झालीय," त्या म्हणाल्या. "उरलेले लाडू बरोबर द्या. धारवाडला रोज एक उकळेन."

एकवीस लाडू मी त्यांच्या वळकटीत बांधले. स्टेशनवर हमालाने वळकटी उचलली आणि परत खाली ठेवली.

"आत काय स्वामी, कल्लु?" म्हणजे दगड.

वहिनींच्या भावाने माझ्याकडे पाहिलं. मी वळकटी डोक्यावर घेतली आणि गाडीत नेऊन ठेवली.