मैनेला ओळखणारा माणूस

गव्हाणच्या गोदूबाईला मैना नावाची मुलगी आहे, ही गोष्ट गावात सर्वमान्य होती. मैनेने मिठागराच्या बांधावर बसून अभ्यास केला, पनवेलच्या शाळेतून मॅट्रिक काढली, आणि आता तिला मास्तरणींच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचे होते. कॉलेजला प्रवेशपरीक्षा होती, परीक्षेला फॉर्म होता, आणि फॉर्मच्या शेपटाला एक दाखला होता. तो द्यायचा राजपत्रित अधिकाऱ्याने, म्हणजे ज्याचे नाव सरकार स्वतःच्या गॅझेटात छापते अशा माणसाने.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी फॉर्म टपालात पडला नाही, तर वर्ष बुडणार होते. मैनेच्या बापाने, बुधाजीने, त्याचीही तजवीज केली होती. "परीक्षा नाय, तर माघात लगीन," असे सांगून त्याने कोन गावचे एक स्थळ हेरून ठेवले होते. नवरामुलगा तूर्त काही करत नव्हता, पण ते तो फार दिवसांपासून करत होता.

पनवेलच्या खारबांध निरीक्षण कचेरीत महादेव नावाचा कारकून होता. त्याच्या घरी वर्षाचे मीठ गोदूबाईच घालायची. त्याने फॉर्म वाचून दाखवला.

"'सदर उमेदवारास मी व्यक्तिशः ओळखतो, आणि ती माझी नातलग नाही.' खाली सही. आमचे धारपसाहेब देतील."

"नातलग कशी असंल?" गोदूबाई हसली. "सायेब पडले घाटावरचे, आमी खाडीकाठची माणसं."

त्यामुळे त्या कलमाची काळजी तिथेच मिटली, आणि मायलेकी धारपसाहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी फॉर्म वाचला, मैनेकडे पाहिले, पुन्हा फॉर्म वाचला.

"मी हिला ओळखत नाही."

"मी मैना," मैना म्हणाली.

"हे तुझे म्हणणे झाले. माझी ओळख कुठे आहे त्यात?"

साहेब अत्यंत सचोटीचे होते. खोटी सही त्यांनी आयुष्यात केली नव्हती, आणि खरी करण्याचे प्रसंगही ते शक्यतो टाळत. महादेवाने मायलेकींना बाहेर नेऊन सल्ला दिला, "मावशी, ओळख वाढवा. पोरीला साहेबांच्या नजरेत ठेवा."

मग मैना रोज सकाळी कचेरीच्या फाटकापाशी उभी राहू लागली. साहेबांची सायकल आली की हात जोडायची आणि म्हणायची, "मी मैना." साहेब मान हलवून आत जायचे. सुट्टी जवळ आली तेव्हा गोदूबाईने पुन्हा फॉर्म पुढे केला.

"आता तरी वळखता ना, सायेब?"

"रोज बघतो," साहेब म्हणाले. "फाटकापाशी एक म्हैसही रोज बघतो. तिलाही दाखला देऊ? शिवाय मी हिला कचेरीच्या वेळेत पाहिले आहे. इथे व्यक्तिशः म्हटले आहे. कचेरीत मी व्यक्ती नसतो."

"मंग कवा असता?"

साहेबांनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. "दिवाळीच्या सुट्टीत असेन."

"मंग भाऊबीजंला जेवायलाच या," गोदूबाई म्हणाली. घाटावर घरी जायला साहेबांना रजा मिळाली नव्हती. रजेचा अर्ज त्यांनी स्वतःकडेच केला होता आणि नियमाला धरून स्वतःच नामंजूर केला होता. त्यामुळे ते हो म्हणाले.

भाऊबीजेच्या दिवशी साहेब गव्हाणात आले ते सदरा-पायजम्यात, व्यक्ती म्हणून. गोदूबाईने तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, वालाचे बिरडे केले होते, आणि बुधाजीसाठी कोळंबीचे कालवण बाजूला झाकून ठेवले होते, कारण साहेब जन्माचे शाकाहारी. साहेबांनी बिरडे खाल्ले, झाकण उचलून पाहिले, आणि विचारले, "ही शेंग कुठली?"

"खाडीतली," बुधाजी म्हणाला.

"मग वाढा. खाडी आमच्याच खात्यात येते."

जेवता जेवता साहेबांनी मैनेला पाढे विचारले, नद्या विचारल्या, तिची वही पाहिली. पोरगी हुशार आहे, हट्टी आहे, रागावली की डावी भुवई उचलते, हे सारे त्यांना कळले. उन्हे कलेपर्यंत त्यांची तिच्याशी पक्की ओळख झाली होती. त्या क्षणी सही झाली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण साहेब व्यक्ती होते, त्यामुळे शिक्का कचेरीत होता.

तेवढ्यात बीजेची कोर दिसली आणि गोदूबाई तबक घेऊन अंगणात आली. तिला भाऊ नव्हता. भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते, तशी तीही दरवर्षी ओवाळायची. चंद्राने इतक्या वर्षांत तिला ओवाळणी सोडा, साधी ओळखही दाखवली नव्हती. आज मात्र अंगणात पाटावर एक धडधाकट पुरुष ढेकर देत बसला होता. गोदूबाईचा हात आकाशाकडे निघाला आणि मध्येच वळला. तिने साहेबांना कुंकू लावले, ओवाळले आणि म्हणाली, "दादा, औक्षवंत व्हा."

साहेबांची बहीण दूर बार्शीला. त्यांनी खिसे चाचपले, काही सापडेना, तेव्हा छातीवरचे सोनेरी टोपणाचे फाउंटन पेन काढून तबकात ठेवले.

"ताई," ते म्हणाले, "माझ्याजवळ एवढेच आहे."

सोमवारी कचेरी उघडली. गोदूबाईने मैनेला आणले, फॉर्म आणला, आणि साहेबांपाशी पेन नाही म्हणून पेनही आणले. साहेब उठून उभे राहिले, ताईला खुर्ची दिली, भाचीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि फॉर्म वाचता वाचता मटकन बसले.

"ताई, घात झाला! मी मैनेला ओळखतो. पण आता मी तिचा मामा आहे."

"मंग बरंच झालं की!"

"'नातलग नाही' असे लिहायचे आहे. मामा नातलग नाही, असे कुठल्या तोंडाने लिहू?"

गोदूबाईने विचार केला. चंद्राने तिला असल्या पेचात कधी टाकले नव्हते. "वोवाळनी परत घ्या. हे घ्या पेन. आपलं नातं नाय."

"भाऊबीज परत घेण्याची तरतूद नाही, ताई."

महादेव कायद्यात मुरलेला होता. तो म्हणाला, "भांडा. बहीण-भाऊ भांडून बोलेनासे झाले की नाते तुटले असे लोकच म्हणतात. मी पंचनामा करतो."

पंच म्हणून कचेरीबाहेरचा चहावाला आणि टपाल आणणारा जगन यांना बोलावले. साहेब खाकरले. "ताई, तुझे कालवण खारट होते."

"खारट?" गोदूबाईने पदर खोचला. "तीनदा मागून खाल्लंस तवा नाय लागलं खारट! आन् भाऊबीजंला रिकाम्या हातानं आलास, चार करंज्या तरी आनायच्या व्हत्या!"

"पेन दिले ना? माझे एकुलते एक पेन!"

"गलतं त्ये! माझ्या पातळाला डाग पडला!"

"तू लहानपणापासूनच अशी आहेस!" साहेब ओरडले. महिन्यापूर्वी त्यांनी तिचे नावही ऐकले नव्हते.

पंचांनी एकमेकांकडे पाहिले आणि एकमुखाने मत नोंदवले: इतक्या जिव्हाळ्याने भांडणारी ही सख्खीच भावंडे असावीत, मानलेली वाटत नाहीत. महादेवाने ते लिहून घेतले. साहेबांनी पंचनाम्यावर सही केली, कारण तो खरा होता. मग डोळे पुसून ते म्हणाले, "ताई, ज्याने हिला कधी पाहिलेलेच नाही, असा कुणी बघ. मला हिची फार माहिती झाली."

टपाल निघायची वेळ होत आली होती. मागोमाग आलेला बुधाजी बाहेर बसून कोनच्या स्थळाला निरोप पाठवायला माणूस शोधत होता. मैनेची डावी भुवई वर गेली. तिने आईच्या हातातला फॉर्म आणि पेन घेतले आणि ती एस.टी. स्टँडकडे धावत सुटली.

स्टँडवर एक गाडी चहापुरती थांबली होती. खिडकीशी कोट घातलेले एक गृहस्थ बसले होते आणि मांडीवर सरकारी शिक्क्याची चामडी पेटी होती. मैनेने खिडकीतून फॉर्म दिला. गृहस्थांच्या एका हातात चहा, म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने सही केली, कुठे करायची ते न विचारता बरोबर जागी केली, शिक्का मारला आणि मग विचारले, "मुलगा काय करतो?"

"परीक्षेला बसतो," मैना म्हणाली.

"छान. माझा आशीर्वाद सांग त्याला." गाडी सुटली.

टपाल गाठले. मैनेने मामाच्या गळक्या पेनाने परीक्षा दिली, पास झाली आणि पुढे मास्तरीण झाली. कोनचा मुलगा आपल्या उद्योगाकडे परत वळला. धारपसाहेब दर भाऊबीजेला गव्हाणात येऊ लागले आणि खाडीतली शेंग खाऊ लागले. चंद्राला गोदूबाईने कायमची सुट्टी दिली.

मैनेला व्यक्तिशः ओळखणारे ते गृहस्थ मात्र पुन्हा कुणाला दिसले नाहीत. साहेबांना हे सारे समजले तेव्हा त्यांनी दाखला नियमानुसार बिनचूक असल्याचे सांगितले.

तुम्हाला हसू येणे साहजिक आहे. पण तुमच्याही पेटीच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांखाली, असा एखादा कागद असेल. तुम्हाला व्यक्तिशः ओळखणाऱ्याची सही आहे त्यावर. काढा आणि वाचून दाखवा, कुणाची आहे ती.