करवतअप्पांचा मुका टीव्ही

लातूरला बदली होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी माझ्या घरमालकांवर बायकोला मारल्याचा आळ घेतला, आणि तोही अर्धी गल्ली गोळा करून.

त्याचं असं झालं. जिल्हा नवा झाला होता. कचेरीच्या पाटीचा रंग अजून हाताला लागत होता. नांदेडच्या कचेरीतून आम्हा काही कारकुनांना उचलून इथं आणलं होतं, आणि माझ्या वाट्याला टंचाई शाखा आली होती. दुष्काळात टंचाई शाखा मिळणं म्हणजे पंगतीत वाढप्याचं काम मिळावं आणि भांडं रिकामं असावं, तसलाच प्रकार. गल्लीला वाटायचं, टँकर माझ्या खिशात असतो. मी सायकलवरून उतरलो की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघायचे, मग रांगेत ठेवलेल्या आपापल्या कळशांकडे.

त्या संध्याकाळी मी सायकल भिंतीला टेकवली आणि मालकांच्या खोलीतून बाई रडल्याचा आवाज आला. रडणं साधं नव्हतं. हुंदका वर चढायचा, टोकाला जाऊन थरथरायचा आणि मग असा घरंगळत खाली यायचा की हातातला डबा मी तसाच ओट्यावर ठेवला. मालकीणबाईंना ऐकू येत नाही, हे सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, आल्या दिवशीच सांगितलं होतं. एका बहिऱ्या बाईला हा माणूस दार लावून मारतोय म्हटल्यावर मला राहवेना. समोर सायकली दुरुस्त करणारे चाँदभाई होते, त्यांना हाक मारली, नळाच्या कोरड्या तोटीपाशी बसलेल्या चौघांना उठवलं आणि दार ढकललं.

आत घरमालक मन्मथप्पा बाकड्यावर बसले होते. दोन मांड्यांत सुताराच्या हातकरवतीची मूठ आवळलेली, डाव्या हातानं पातं वाकवलेलं, आणि उजव्या हातात सारंगीचा गज. त्या पात्याच्या पाठीवरून ते गज ओढत होते आणि करवत रडत होती. शेजारी, त्याच बाकड्यावर, मालकीणबाई, महादेवीकाकू, डावा तळवा फळीवर टेकून बसल्या होत्या. चेहरा हसरा. आम्हाला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.

चाँदभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अप्पांना म्हणाले, "नवे हैं साब. माफ करो."

अप्पा रागावले नाहीत. उलट गर्दी जमली म्हणून खूष झाले. "बसा की," म्हणाले. "आता बघा." आणि माझ्यासाठी म्हणून पुन्हा एकदा ती बाई रडवून दाखवली. गल्लीनं त्याच दिवशी माझं नाव 'पंचनामा सायेब' ठेवलं. ते नाव मी लातुरात असेपर्यंत टिकलं.

अप्पांची लाकडाची वखार होती. पण तरुणपणी ते उदगीरहून एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर पळून गेले होते. कंपनीत भुताचा प्रवेश असला की पडद्यामागून करवत वाजवायची, एवढंच त्यांचं काम. ते सांगायचे की प्रेक्षकांतल्या बाया मुलांना पोटाशी धरायच्या, आणि गड्यांना एकेकट्यानं बाहेर जायची हिंमत व्हायची नाही. पुढं वडिलांनी त्यांना नांदेडच्या मुक्कामावरून कानाला धरून परत आणलं, लग्न लावलं आणि वखारीच्या गादीवर बसवलं. कंपनी मागं राहिली. करवत बरोबर आली. लग्नाला थोडी वर्षं झाली असतील-नसतील, काकूंना विषमज्वर झाला. ताप गेला आणि जाताना ऐकणं घेऊन गेला. मूलबाळ नव्हतं.

वाजवण्याआधी अप्पा "ऐका" असं कधीच म्हणायचे नाहीत. "आता बघा" म्हणायचे. लोक चिडवायचे, "अप्पा, बघायचं काय त्यात? गाणं काय डोळ्यानं ऐकतेत का?" अप्पा म्हणायचे, "तुम्ही बघा तर." चाँदभाईंचं मत होतं की असं वाजवणं शहराच्या आत बरं नाही. "क्या बजाते अप्पा तुमे," ते म्हणायचे, "कब्रस्तान में के लोगां उठको बैठेंगे."

नव्या जिल्ह्याबरोबर टीव्हीचा मनोराही आला आणि आमच्या गल्लीतला पहिला सेट अप्पांनी घेतला. त्याला स्वतःच्या हातानं सागवानी कपाट केलं, सरकती झडप, तिला कुलूप. एरियल इतकं उंच उभारलं की कावळे त्याच्यावर बसून थेट औसा गाव बघत असतील, असं आमच्यात बोललं जायचं. संध्याकाळी झडप उघडली की गल्ली आपापल्या चटया घेऊन आत. रांगेतल्या कळशांवर लक्ष ठेवायला एकाला बाहेर बसवायचं, आणि त्याला मधूनमधून खिडकीतून गोष्ट सांगायची.

फक्त त्या टीव्हीला आवाज नव्हता.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, अप्पांनी स्वस्तातला घेतला. मग वाटलं, बिघडलाय आणि दुरुस्तीला पैसे सोडवत नाहीत. कुणी विचारलं तर अप्पा म्हणायचे, "त्यांच्या आवाजात काय दम न्हाई. मी हाय की." आणि खरंच ते असायचे. बाकडं टीव्हीच्या शेजारी भिंतीला आडवं लावलेलं. त्यावर ते, काकू आणि करवत. आठवड्यातून एकदा एक भुताटकीची मालिका लागायची. पडद्यावर दार करकरत उघडलं की इकडं करवत करकरायची. पांढऱ्या साडीतली बाई जिना उतरायला लागली की करवतीचा सूर तिच्या पावलांबरोबर पायरी पायरी उतरायचा. पात्रांचे संवाद अप्पा स्वतःच म्हणायचे, आणि हिंदी मालिकेतला हवेलीचा मालक आमच्या गल्लीत येऊन म्हणायचा, "कोण हाय रे तिकडं? टँकर आला का?" सिनेमातली गाणीही करवतीवरच. नायिका बागेत गिरक्या घेत असायची आणि मागून असा सूर निघायचा की तिची काळजी वाटायची.

बातम्या मात्र गल्लीच्या खास आवडीच्या. निवेदिका ओठ हलवत असायची आणि अप्पा सांगायचे, "आपल्या गल्लीतल्या पंचनामा सायबांनी उद्या पहिला टँकर इकडं वळवायचं कबूल केलंय." टाळ्या पडायच्या. मी मान खाली घालून चटईच्या काड्या मोजायचो.

भाद्रपदातला पितृपंधरवडा आला की आमच्याकडे जरा जपून वागायची पद्धत. तिन्हीसांजेला मुलांना हाका मारून घरात घ्यायचं. अप्पांना हा पंधरवडा म्हणजे सण. रोज करवत. मी एकदा म्हटलं, अप्पा, निदान एवढे दिवस तरी नको. अप्पा लिंगायत. ते हसले. "सायेब, भूतं तुमच्यात येतेत. आमच्यात न्हाई. आमचा माणूस लिंगैक्य झाला की थेट शिवात. आमच्यात मागं वळून कोण बघत न्हाई." मग करवतीला तेल लावत म्हणाले, "म्हणून तर मला भ्या वाटत न्हाई. तुम्हाला वाटतंय, तर तुमच्यासाठी वाजवायलोय."

त्याच सुमाराला माझा मेहुणा आला. तो मुदखेडला रेल्वेत होता, आणि रेल्वेत असल्यामुळं त्याला सगळ्या यंत्रांतलं कळायचं. मालिका लागली. तो थोडा वेळ चुळबुळत बसला, मला म्हणाला, "दाजी, आसं काय बघताव तुम्ही?" आणि उठून त्यानं बटण फिरवलं.

आवाज आला. स्वच्छ, खणखणीत. खोलीत कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्याला आवाज हाय की!" पडद्यावर म्हातारा नोकर भुताला काहीतरी बोलला, ते विनोदी होतं, सगळी खोली खळखळून हसली. अप्पांचा गज थांबला. काकूंनी एका चेहऱ्याकडे बघितलं, मग दुसऱ्या, मग माझ्या. आम्ही का हसतोय हे आमच्या तोंडांवर शोधत होत्या. आणि आमचं हसून संपल्यावर, एकट्याच, थोडंसं हसल्या.

अप्पा उठले, बटण उलटं फिरवलं, बाकड्यावर येऊन बसले. "आता बघा," म्हणाले.

मेहुण्याला राग आला. मला तेव्हा काही कळलं नाही. सुमनला कळलं असावं, कारण त्या रात्री जेवताना तिनं सख्ख्या भावाला दुसरी भाकरी विचारली नाही.

पुढच्या आठवड्यात मी टीव्ही सोडून बाकड्याकडं बघत बसलो. अप्पा संवाद म्हणताना पडद्याकडं जेमतेम बघायचे. तोंड सगळा वेळ काकूंकडं. एकेक शब्द ओठांनी मोठा करून. करवत वाजायला लागली की काकूंचा तळवा फळीवर, आणि सूर थरथरला की त्यांच्या पापण्या हलायच्या. त्या खोलीत आम्ही अप्पांच्या टीव्हीपुढं बसत नव्हतो, काकूंच्या टीव्हीपुढं बसत होतो.

काकूंना हाक मारायची सोयच नव्हती. सुमनला काही हवं असलं, विरजण नाहीतर सोबत, तर ती अंगणाच्या मध्यावर जाऊन नुसती उभी राहायची. चुलीपुढं बसलेल्या काकूंना दारातून तिचं लुगडं दिसायचं. त्या मान वर करायच्या आणि हात पुसत यायच्या. दोघी तासभर काय बोलायच्या, मला माहीत नाही. खूप हसायच्या, एवढं खरं.

वैशाखात काकू गेल्या. दोन दिवस श्वास लागला आणि तिसऱ्या सकाळी थांबला. टँकर कितीतरी दिवस आला नव्हता. जंगम आले, विधीची तयारी सुरू झाली आणि काकूंच्या आंघोळीला पाणी कुठून आणायचं हे कुणी मोठ्यानं विचारेना. मग चाँदभाई घरात गेले आणि झाकून ठेवलेली एक कळशी घेऊन आले. ती उंबऱ्याशी ठेवली. मग समोरच्या घरातून एक आली. मग सगळ्या घरांतून. मी टंचाई शाखेतला. माझ्याही घरातून एकच निघाली.

त्यांच्यात बसवून माती देतात. काकूंना भस्म लावून, मांडी घालून बसवलं आणि डाव्या तळव्यावर त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं. फळीवर टेकलेला असायचा तोच तळवा. अप्पा तेवढा वेळ तिथंच बघत होते.

त्यानंतर झडपेला कुलूप पडलं. करवत खिळ्याला अडकवली. महिना-दोन महिन्यांनी कुणीतरी म्हणालं, अप्पा, जरा उघडा की, तुमचंही मन रमेल. अप्पांनी लगेच उघडलं. स्वतःच्या हातानं बटण फिरवून आवाज मोठा केला, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आत मालिका चालू होती. दार नीट करकरलं, भूत नीट बोललं, संगीतही भारी होतं, आणि कुणाला भीती वाटेना. बाकडं रिकामं होतं. त्यावर कुणी बसलं नाही, इतकी दाटी असूनही. पुढच्या वेळी निम्मेच आले. त्याच्या पुढच्या वेळी तर मी आणि चाँदभाई, दोघंच, आणि आम्हीही कळशांवर लक्ष ठेवायचं निमित्त करून उठलो.

पुन्हा भाद्रपद आला. दुसऱ्या दिवशी माझ्या वडिलांची तिथी होती. सुमन परातीत वडे-खिरीसाठी डाळ-तांदूळ निवडत बसली होती. दिवेलागणीची वेळ. बघतो तर अप्पा अंगणाच्या मध्यावर उभे. हाक नाही, खाकरणं नाही. किती वेळ उभे होते कोण जाणे.

मी त्यांना आत बोलावलं. ते उंबऱ्यापर्यंतच आले.

"सायेब, तुमच्यात बोलावतेत, ते कसं बोलावतेत?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि मी कारकुनासारखं सगळं क्रमवार सांगायला लागलो. तिथी बघायची, सोवळ्यात स्वयंपाक, पान वाढायचं, नाव आणि गोत्र उच्चारायचं, मग कावळ्याला घास.

"नाव मोठ्यानं घ्यावं लागतंय?"

"हो. म्हणजे, उच्चारावं तर लागतं."

अप्पांनी मान हलवली.

"मग तिला ऐकू कसं जाईल?" म्हणाले.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "पण अप्पा, तुमच्यात तर..."

"हाव," ते म्हणाले. "आमच्यात न्हाई येत कोणी." आणि अंगण ओलांडून, खांद्यावरचा टॉवेल सारखा करत, आपल्या दारात शिरले. आत दिवा लागला नाही.

सुमननं खडा बाजूला काढला, परात हलवली आणि मान वर न करता म्हणाली, "उद्या एक पान जास्त वाढते मी. त्यात कारलं नाही घालत, काकू खात नव्हत्या. आणि तुम्ही नाव-गोत्र काही घेऊ नका तिथं. मी जरा वेळ अंगणात उभी राहीन. काकूंना हाक कधी मारली होती आपण?"