नरसिंगमामांची अंघोळ

आमच्या मंगल कार्यालयात पाण्याची तक्रार आता कायमची बंद, असं मी निलंग्यातल्या चहाच्या प्रत्येक टपरीवर सांगून ठेवलं होतं. कारणही तसंच होतं. मी नवा पंप बसवला होता, कॉम्प्युटरवाला. एक नळ उघडला तर हळू फिरणार, सगळे उघडले तर जोरात, आणि सगळे बंद केले की आपोआप झोपणार. पाइपातलं प्रेशर कळावं म्हणून त्याला एक सेन्सर होता. त्या भरात मी गच्चीवरची टाकीसुद्धा काढून टाकली.

पहिलंच लग्न देगलूरच्या वऱ्हाडाचं. नवरदेवाचे मामा नरसिंगराव म्हणजे भारदस्त असामी. त्यांनी नाक मुरडलं की अर्धं देगलूर दुसरं कार्यालय शोधणार.

सकाळी पंपाची पूजा केली, झेंडूचा हार घातला आणि बटण दाबलं. वऱ्हाड वर अंघोळीला गेलं आणि थोड्याच वेळात आरडाओरडा सुरू झाला. एका शॉवरची जाळी उडून बादलीत पडली. संडासातल्या फवाऱ्यानं एका पाहुण्याला दाराबाहेर काढलं. खाली भटारखान्यात नळाची नळी नागासारखी डोलत होती आणि आचारी पातेल्याचं झाकण ढालीसारखं धरून उभा होता.

मी वर पळालो. नळ बंद झाले की पंप झोपेल, असा माझा हिशेब. "सगळ्यांनी नळ बंद करा," मी जिन्यातूनच ओरडलो.

लोकांनी बिचाऱ्यांनी बंद केले. पंप काही झोपला नाही. एकच नळ उघडा राहिला होता, त्यातून सगळं पाणी निघालं. तो नळ नरसिंगमामांचा होता.

"मॅनेजर, मारता का काय?" आतून आवाज आला.

खाली येऊन मी पंप बंद केला. लगेच वरून, "अहो, डोळ्यात साबण हाय, पाणी कुठं गेलं?" चालू केला. "बंद करा!" बंद केला. "चालू करा!"

शेवटी माझी बायको वर्षाराणी आली. तिनं माझ्या खिशातला मोबाईल काढला, पंप बसवणाऱ्या ऋतुजा मॅडमला लातूरला फोन लावला आणि तो माझ्या हातात दिला. "तुमी बोला. मी मामांना बादलीभर पाणी पाठवते."

"पॅनेलवर प्रेशर किती दिसतंय?" मॅडमनी विचारलं.

"शून्य."

"आणि पाइपावर घड्याळासारखं मीटर आहे, त्याचा काटा?"

"पंप चालू असताना पार टोकाला गेलता."

"मग पॅनेलला वाटायलंय की पाइपात पाणीच न्हाई. म्हणून ते पंपाला जीव तोडून पळवतंय. पंप बंदच ठेवा. सेन्सरच्या खाली एक बारका कॉक आहे, तो उघडा आहे का बघा."

मी हार बाजूला केला. कॉक आडवा होता, म्हणजे बंद. सकाळी हार नीट बसत नव्हता, म्हणून मीच कॉकचा दांडा आडवा फिरवला होता.

"काय झालं?"

"आपोआप बंद झालाय, मॅडम."

"आपोआप फक्त पंप चालतो, साहेब. कॉक न्हाई."

मी कॉक उघडला, पंप सुरू केला. तो जरासा गुरगुरला आणि शहाण्यासारखा हळू फिरू लागला. वरचा आरडाओरडा थांबला. लग्न वेळेवर लागलं.

जेवणं उरकल्यावर मामा थेट माझ्या टेबलापाशी आले.

"माघात पुतणीचं लग्न हाय," ते म्हणाले. "हेच कार्यालय धरा."

मला खुर्चीत बसवेना. मी हात जोडले.

"पण एक अट हाय. नंतर पाणी लई मिळमिळीत सोडलं तुमी. सकाळच्या त्या पाण्यानं माझी धरलेली पाठ पार मोकळी झाली. माझ्या न्हाणीत तेच पाहिजे."

मामा गेले. मी पुन्हा लातूरला फोन लावला.

"मॅडम," मी हळूच विचारलं, "एका माणसापुरता बिघाड ठेवता येतो का?"