चौथं लक्षण

वेलची केळ्यांचा घड स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगायचा, ही सहादेव जाधवांची जुनी सवय. हवेवर राहिलं की केळं काळं पडत नाही, असं त्यांचं मत होतं, आणि टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे मतांची टंचाई नव्हती. त्या रविवारी सकाळी त्यांनी घडात हात घातला आणि भाईंदरजवळच्या हाटकेश वस्तीतली ती अख्खी इमारत दचकेल अशा आवाजात ओरडले, "चावलं! मेलो!"

घड खाली आपटला. त्यातून तळहाताएवढा तपकिरी कोळी बाहेर आला. पोटाखाली पांढरी, चपटी, गोल चकती धरलेली आणि पुढचे पाय उगारलेले. एवढं दर्शन देऊन तो गॅसच्या सिलिंडरमागे गेला. सहादेवरावांच्या अंगठ्यावर दोन लाल ठिपके उमटले होते.

घरात तेव्हा आणखी तिघं होती. पत्नी वैजयंताबाई, मुलगी संघप्रिया आणि आठ महिन्यांपूर्वी जावई झालेला जीवन. मुलगी-जावई पेणकरपाड्याला राहायचे आणि दर रविवारी नाश्त्याला यायचे. जीवन सासऱ्यांना इतका बिचकून असायचा, की आठ महिन्यांत दोघांचं बोलणं ऊन आणि पाण्याचा टँकर यांपलीकडे गेलं नव्हतं. पण आता प्रसंग पडला होता आणि हातात फोन होता. त्यानं सिलिंडरमागे हात लांब करून फोटो काढला आणि फोनला विचारलं, 'मोठा कोळी, केळ्यात सापडला, पाय वर करतो, कोणता?'

फोननं क्षणात निकाल दिला. ब्राझीलचा भटका कोळी. जाळं विणत नाही, रात्री शिकारीला हिंडतो, दिवसा केळीच्या घडात दडून बसतो आणि जगातल्या सर्वांत विषारी कोळ्यांत मोडतो.

"ब्राझीलचा?" वैजयंताबाई म्हणाल्या. "केळी तर वसईची आहेत."

"आई, हल्ली काय कुठून येतं सांगता येतं का?" संघप्रिया रडवेली झाली होती.

"लक्षणं वाचा, जीवनराव," सहादेवराव खुर्चीत कोसळत म्हणाले.

"घाम येणे."

"आलाय." मे महिना होता आणि लाइट गेली होती. घाम सगळ्यांनाच आला होता, पण तो कोणी मोजला नाही.

"छाती धडधडणे."

"धडधडतेय. पुढे?"

"ब्लड प्रेशर वाढणे."

"ते तर होतंच. आता आणखी वाढलं असणार. चौथं?"

जीवननं चौथं वाचलं आणि फोन छातीशी धरला. चौथं लक्षण फक्त पुरुषांचं होतं. विसाव्या वर्षी ते विषाशिवायच दिसतं, साठीनंतर त्यासाठी माणसं गुपचूप औषधं घेतात, आणि या कोळ्याच्या दंशानं म्हणे ते तासन्तास टिकतं.

"चौथं... फोन हँग झालाय, पप्पा."

तो बाल्कनीत गेला आणि त्यानं भाईंदरच्या एका दवाखान्यात डॉक्टर असलेल्या सुचेताला फोन लावला. ती त्याच्या शाळेतली.

"पहिली तीन नुसत्या घाबरण्यानंही होतात," सुचेता म्हणाली. "चौथं आहे का?"

"ते मला कसं कळणार?"

"विचार ना त्यांना."

"सुचेता, ते माझे सासरे आहेत! मी त्यांना अजून चहात साखर किती ते विचारलेलं नाही!"

"मग दुसऱ्या कोणाला विचारायला लाव. चौथं असेल तर मामला सिरियस आहे, लगेच घेऊन ये."

आता सहादेवरावांचा जीव चौथ्या लक्षणावर टांगलेला होता. जीवननं फोन संघप्रियाकडे दिला. तिनं वाचलं, लाल झाली आणि त्याच्या दंडावर चापट मारली. "अहो, मी? पप्पांना?" तिनं फोन आईकडे दिला. वैजयंताबाईंनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"छत्तीस वर्षं संसार केला," त्या म्हणाल्या, "पण असलं कधी तोंडानं विचारलं नाही. आता पोरांसमोर विचारू होय?"

आतून सहादेवराव हे सगळं बघत होते. फोन हातोहात फिरत होता. जो वाचेल तो त्यांच्याकडे एकदा बघत होता आणि लगेच नजर वळवत होता. आपलं काही खरं नाही, हे त्यांनी ताडलं आणि ते पलंगावर जाऊन चादर घेऊन पडले.

कोळ्याची नीट ओळख तरी पटावी, म्हणून संघप्रियानं आईच्या फोनवरून फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. गडबडीत लक्षणांचं पानही गेलं, चौथ्यासकट. पहिली दहा मिनिटं ग्रुपवर हाहाकार माजला. खिडक्या लावा, मुलांना वर बोलवा, पेस्ट कंट्रोलवाल्याला गाठा. मग कोणीतरी ते पान शेवटपर्यंत वाचलं असावं, कारण ग्रुप एकाएकी गप्प झाला.

पाच मिनिटांनी दार वाजलं. दारात तिसऱ्या मजल्यावरचे रोहितभाई, हातात लोणच्याची रिकामी बरणी.

"भाभी, सहादेवभाई ठीक हैं ना? और वो मकडी... अभी है? मारना मत हां. बिचारा जीव है. मैं ले जाता हूं."

मागच्याच महिन्यात याच रोहितभाईंनी पालीवरून इमारत डोक्यावर घेतली होती. त्यांच्या मागे जिन्यावर आणखी चार भूतदयावादी उभे होते, सगळे पन्नाशीच्या पुढचे, प्रत्येकाकडे झाकणाचं काहीतरी. पेस्ट कंट्रोलवाल्याला तर त्यांनी गेटवरूनच परत पाठवलं होतं.

इकडे सहादेवरावांनी जीवनला पलंगाशी बोलावलं. "बसा, जीवनराव. आजवर तुमच्याशी धड बोललो नाही. चुकलंच माझं. माणूस चांगले आहात तुम्ही. आता लपवू नका. चौथं काय आहे?"

जीवनचे डोळे भरून आले. बंद पंख्याकडे बघत त्यानं एका दमात चौथं लक्षण सांगून टाकलं. "आणि पप्पा, ते... आहे का?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. पण समोर तिशीतला जावई बसला होता, दारापर्यंत सोसायटीचे पुरुष कान टवकारून आले होते, आणि सहादेवराव जाधव मरतानासुद्धा मान खाली घालणाऱ्यांतले नव्हते.

"आहे," ते करारी आवाजात म्हणाले. "चांगलंच आहे."

दारात आदराची कुजबुज झाली. जीवन मात्र पांढराफटक पडला. त्यानं अँब्युलन्सला फोन केला, संघप्रियानं मोठ्यानं रडायला सुरुवात केली, आणि वैजयंताबाई चादरीकडे संशयानं बघत राहिल्या.

एवढ्यात टोपली घेऊन ऑड्रे आली. उत्तनहून दर रविवारी बोंबील आणणारी. दारातली गर्दी कोपरानं सारत ती थेट स्वयंपाकघरात शिरली आणि सगळं ऐकून तिनं सिलिंडरच सरकवला.

"ह्यो? आमच्याकडं घराघरात हाय. झुरलं खातो. ही बाय हाय, पोटाखाली अंडी धरून बसलीय. त्या अंड्यांसाठी उपाशी ऱ्हाते बिचारी. हात घातला म्हनून चावली." तिनं अलगद त्या कोळिणीवर वाडगा उपडा घातला.

"विष?" जीवननं विचारलं.

"माज्या नवऱ्याला दोनदा चावला. दोन दिस आग झाली, बस."

"आणि... बाकी काही?"

"बाकी काय न्हाय," ऑड्रे म्हणाली. तिच्या स्वरात किंचित तक्रार होती.

जीवन गोंधळला. विष नाही, तर चौथं लक्षण कुठून आलं? त्यानं पुन्हा सुचेताला फोन लावला, आणि या वेळी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर.

"विषाशिवाय आपोआप झालंय? मग तर जास्तच काळजीचं आहे," सुचेता म्हणाली. "ताबडतोब आणा. साठलेलं रक्त सुईनं काढून घ्यावं लागेल."

"सुई कुठे टोचणार?"

"जिथे प्रॉब्लेम आहे तिथेच. सुई जरा जाड असते."

पलंगावरची चादर ताडकन उडाली.

"उतरलं!" सहादेवराव ओरडले. "आत्ताच! एकदम बरं वाटतंय!"

संघप्रियानं धावत जाऊन वडिलांना मिठी मारली. जीवन भिंतीला टेकून रडू लागला, मग हसू लागला. अँब्युलन्सला नको म्हणून कळवलं. जिन्यावरची मंडळी हळूहळू पांगली, पण रोहितभाई रेंगाळले. त्यांनी बरणीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "भाभी, मच्छीवाली कुछ भी बोले, मगर सहादेवभाई को तो हुआ ना. वो खुद बोले. तो फिर वो मकडी मैं..."

"ले जाओ," वैजयंताबाई म्हणाल्या आणि त्यांनी वाडग्याखाली पुठ्ठा सरकवून कोळीण अंड्यांसकट बरणीत सोडली. "नीचे झाड में छोड देना. और भाईसाब, कुछ हुआ के नहीं हुआ, ये उनको मत पूछो. मेरे को पूछो."

आत सहादेवरावांनी चादर पुन्हा डोक्यावरून ओढून घेतली.