तिसरी यादी

बागवानकाका माणसाला आधी टक्के विचारत, मग नाव. आम्ही गुलटेकडीला राहायला आलो त्या दिवशी जिन्यात कपाट अडकलं होतं. काकांनी एका बाजूनं हात लावला आणि विचारलं, "ताई, मॅट्रिकला किती?" मी धापा टाकत "अडुसष्ट" म्हणाले. "बँकेतला माल," ते म्हणाले. मी खरोखरच बँकेत होते. ह्यांचे एकोणसाठ ऐकून मात्र ते काहीच बोलले नाहीत, आणि ह्यांनी ते अजून मनाला लावून घेतलंय.

काकांचा मार्केट यार्डात फळांचा गाळा होता. एकटा जीव, ना बायको ना मूल. पण दहावीचा निकाल लागला, की लिलाव उरकून ते स्कूटरवरून कॉलेजं पालथी घालत. अकरावीच्या प्रवेशयाद्या तेव्हा कॉलेजच्या बोर्डावर लागायच्या. कुठली यादी किती टक्क्यांना बंद झाली, काकांना तोंडपाठ. "कॉम्प्युटर आल्यापासून सायन्सला तेजी आहे. यंदा नव्वदवाल्यांची आवक दांडगी."

आमच्या मुक्ताला पंच्याऐंशी टक्के मिळाले. मी पेढे घेऊन गेले, तर म्हणाले, "माल चांगलाय ताई, पण बाजार चुकीच्या वर्षी गाठलात." मला इतका राग आला, की डबा न उघडताच परत आणला.

पण खरं निघालं. मुक्ताला एकच कॉलेज हवं होतं, कारण तिथे अकरावीपासून कॉम्प्युटर शिकवत. दोन याद्या लागल्या, दोन्हींत नाव नाही. पोरीचं जेवणातलं लक्ष उडालं. तिसरीही यादी लागते, हे आमच्या गावीही नव्हतं.

त्या सोमवारी काका बँकेत थेट माझ्या काउंटरवर आले. "तिसऱ्या यादीत शेवटून दुसरी. खिडकी दोनला बंद होते. मार्कलिस्ट कुठाय?"

मागून एक गृहस्थ म्हणाले, "अहो, इथे रांग आहे."

"तुम्हाला किती होते?" काकांनी विचारलं.

"बासष्ट," म्हणून ते गृहस्थ बाजूला झाले.

घरून मार्कलिस्ट आणि मुक्ताला घेऊन आम्ही कॉलेज गाठलं. दोनला दहा मिनिटं असताना प्रवेशाची पावती हातात पडली. मी म्हटलं, "काका, तुम्ही नसता तर काय झालं असतं?"

"माझंही नाव तिसऱ्याच यादीत लागलं होतं," ते म्हणाले. "ह्याच कॉलेजात. मी गाळ्यावर पेट्या उतरवत होतो, बघायला कोण येणार? आठ दिवसांनी कळलं."

मुक्ता म्हणाली, "काका, चला, वर्ग बघू."

"मला सोडतील आत?"

इतकी वर्षं येऊन हा माणूस बोर्डाच्या पुढे कधी गेलाच नव्हता. वरचा एक वर्ग रिकामा होता. काकांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मुक्ता म्हणाली, "पुढे बसा ना."

"नको," ते फळ्याकडे बघत म्हणाले, "इथून सगळं दिसतंय."