चव्वेचाळिसावं मेंढरू

सोपानभाऊ सकाळी कचेरीत आला की दाराबाहेर चपला काढतो, सर्व्हरच्या खोलीत शिरतो आणि त्या काळ्या पेटीच्या मागे, जिथून गरम वारा बाहेर येतो तिथं, उलटा हात धरतो. क्षणभर डोळे मिटतो. मग स्वतःशीच म्हणतो, "ताप न्हाई." एवढं झालं की बाहेर येऊन आम्हाला नमस्कार करतो. मला एकदा खरोखरचा ताप होता, डोळे लाल, नाक गळतंय. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, कीबोर्डवर शिंकू नका."

आमची शिक्षणसंस्था तशी लहान. मुख्य कचेरी जुन्नरला, शाळा वारूळवाडीला, आळ्याला आणि तिकडे आंबेगाव तालुक्यात घोडेगावला. मी इथे कार्यालय अधीक्षक, म्हणजे कुठेही काही बिघडलं की जिला आधी बोलणी खावी लागतात ती. सोपानभाऊ आमचा कॉम्प्युटरवाला. त्याच्या पदाचं नाव काहीतरी लांबलचक इंग्रजीत आहे, पण ते त्यालाही नीट सांगता येत नाही. कोणी विचारलं तर म्हणतो, "आमी मेंढरं वळणारी माणसं." ते खोटंही नाही. त्याचे वडील जन्मभर कळपामागे चालले. सोपानभाऊ शिकला, नोकरीला लागला आणि त्याने आमच्या त्रेचाळीस कॉम्प्युटरांचा कळप केला.

तो येण्याआधी आमच्याकडे प्रत्येक कॉम्प्युटर म्हणजे स्वतंत्र संस्थान होतं. एकच वेळापत्रक घोडेगावला 'फायनल', आळ्याला 'फायनल नवीन' आणि वारूळवाडीला 'खरं फायनल' या नावांनी नांदत होतं, आणि तिन्हीकडे तास त्या त्या फायनलप्रमाणे चालत होते. सोपानभाऊने सगळ्या फायली सर्व्हरवर एका सामाईक जागी आणल्या. कुठल्याही शाळेतून उघडा, फाईल एकच. त्या जागेला तो वाघर म्हणतो. मेंढरं रात्री ज्या जाळीच्या कुंपणात कोंडतात ती वाघर. मग त्याने दुसरी युक्ती केली. कॉम्प्युटरने कसं वागायचं, कुठला प्रिंटर वापरायचा, पडद्यावर चित्र कुठलं दाखवायचं, हे सगळं तो सर्व्हरवर एकदाच लिहून ठेवतो. दर अर्ध्या तासाने प्रत्येक कॉम्प्युटर सर्व्हरला विचारतो, काही नवीन आहे का, आणि जे लिहिलेलं असेल तसा वागतो. सर्व्हरला तो म्होरकी म्हणतो, म्हणजे कळपाच्या पुढे चालणारी मेंढी. आणि त्या अर्ध्या तासाच्या विचारपुशीला 'पाण्याला येणं'.

सोय मोठी झाली, पण त्या सोयीपायी सोपानभाऊचा जीव टांगणीला लागला तो लागलाच. "मॅडम, एक मेंढरू चुकलं तर एकच चुकतं," तो मला समजावून सांगायचा. "पर म्होरकी वड्यात उतरली की समदा कळप वड्यात." त्यामुळे म्होरकीला साधं प्रिंटरचं नाव सांगायचं असलं तरी तो आधी हात पँटला पुसतो, पाणी पितो आणि मला बोलावतो. "तुमी काय करू नका. फकस्त हुबं ऱ्हावा." मी उभी राहते. तो बटण दाबतो आणि पुढचा अर्धा तास दोघांपैकी कोणालाच चहा गोड लागत नाही.

पेनड्राइव्हचा तर त्याला भयंकर राग. आमच्याकडे उसात बिबटे राहतात, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. सोपानभाऊ कोणाच्या हातात पेनड्राइव्ह पाहिला की दार अडवून उभा राहतो. "ऊस हाय त्यो. आत बिबट्या हाय का न्हाई, भाइरून कळतंय का?" एका गणिताच्या सरांनी चिडून सांगितलं की आत फक्त लग्नाचे फोटो आहेत. सोपानभाऊ म्हणाला, "बिबट्या बी वऱ्हाडात येतोय, सर."

या माणसाचं एकच कोडं मला सुटत नव्हतं. कॉम्प्युटर पाण्याला आला की सर्व्हरच्या पडद्यावर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो, आला नाही तर तो काळा पडतो. आळ्याच्या शाळेत कॉम्प्युटर सहा. पडद्यावर मात्र 'आळे-सात' असं एक नाव होतं आणि त्याचा ठिपका रोज उजाडता उजाडता हिरवा झालेला असे, शाळेचं कुलूप उघडायच्या कितीतरी आधी. सोपानभाऊ सकाळी म्होरकीचा ताप पाहून झाला की पहिली नजर त्याच ठिपक्यावर टाकायचा. आळ्याची वीज गेली की हा जुन्नरात बसून तिथल्या वायरमनला फोन लावायचा. वायरमन वैतागून म्हणायचा, "भाऊ, शाळेला आज सुट्टी हाय." तरी हा लाईट कधी येणार ते विचारूनच फोन ठेवायचा.

संस्थेची तपासणी ठरली आणि हे कोडं माझ्या गळ्यात आलं. सेक्रेटरी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. "बाई, समिती येऊन यंत्रं मोजणार. आपली त्रेचाळीस, पडद्यावर चव्वेचाळीस. संस्थेचं यंत्र कोणाच्या घरी निघालं तर मी सोपानला एक दिवस ठेवणार नाही. तुम्ही छडा लावा."

मी घाबरतच सोपानभाऊला विचारलं. त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, त्ये मेंढरू माजं सवताचं हाय. भंगारवाल्याकडनं घेतलंय. संस्थेचा एक स्क्रू न्हाई त्यात. पर त्ये म्होरकीपासनं तोडायला लावू नका." कुठे आहे म्हणून विचारलं तर उठून पुन्हा म्होरकीचा ताप बघायला गेला. मी चिडले. दोन पोरींचा बाप, चांगली नोकरी, आणि एका भंगारातल्या कॉम्प्युटरपायी घालवायला निघालाय. त्या आठवड्यात मला धड जेवण गेलं नाही आणि हा आपला रोज सकाळी ठिपका हिरवा पाहून खुशीत.

तपासणीच्या आदल्या दिवशी साहेबांचं नवं फर्मान निघालं. सगळ्या शाळांत, सगळ्या पडद्यांवर एकच चित्र हवं: मधोमध समई, भोवती झेंडूच्या माळा आणि खाली 'तपासणी समितीचे सहर्ष स्वागत'. सोपानभाऊने ते रात्री, सगळे ठिपके काळे झाल्यावर, म्होरकीला सांगितलं. मी नेहमीप्रमाणे उभी होते. हात पुसायचं आणि पाणी प्यायचं तो विसरला हे मी पाहिलं, पण तपासणीच्या धास्तीने मीही त्याला आठवण केली नाही.

सकाळी समितीची तीन माणसं साहेबांच्या मागोमाग आत आली. कचेरीतले सगळे पडदे उजळले. समई नव्हती. पांढऱ्या पडद्यावर वीतभर अक्षरं होती:

'आबा, भाकरी खाऊन पिवळी गोळी घ्या. उसाकडं जाऊ नका. मी बरा आहे.'

साहेबांच्या टेबलावर तेच. शिपायाच्या खुर्चीमागच्या जुन्या पडद्यावर तेच. घोडेगावहून मुख्याध्यापकांचा फोन आला, आबा म्हणजे नक्की कोण, कारण त्यांच्याकडे आबा नावाचे दोन शिक्षक आहेत आणि दोघंही मधुमेहाचे. वारूळवाडीच्या बाईंनी विचारलं, उसाकडे जाऊ नका हे वनखात्याचं पत्रक आहे का, मुलांना वाचून दाखवायचं का. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी मजकूर नीट वाचला, खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि शिपायाकडे पाणी मागितलं.

साहेब दात आवळून म्हणाले, "सोपान, आत्ताच्या आत्ता बदल."

"बदललं, साहेब. आता मेंढरं पाण्याला येतील तसतसं फिरंल," सोपानभाऊ म्हणाला. पण त्याचं लक्ष साहेबांकडे नव्हतं. तो सर्व्हरच्या पडद्याकडे बघत होता. आळे-सात पहाटे हिरवं झालं होतं. आता त्याचा ठिपका काळा होता.

"उलटं झालं, मॅडम," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "आबांचं समद्यांना गेलं. आन् समद्यांचं आबांना." एवढं बोलून तो चपला न घालताच बाहेर धावला. समिती, साहेब, नोकरी, सगळं मागे राहिलं. मी त्याच्या चपला उचलल्या आणि मागोमाग पळाले. का पळाले ते मला आजही सांगता येणार नाही. त्याला त्या अवस्थेत एकट्याने गाडी चालवू द्यायची नव्हती, एवढं खरं.

मोटारसायकलवर मागे बसून, एका हाताने पदर आणि एका हाताने त्याच्या चपला सांभाळत, मला नारायणगावच्या रस्त्यावर सगळी हकिकत कळली. तो पुढे बघत वाऱ्यात ओरडून सांगत होता. आई गेल्यापासून आबा आळ्याच्या शिवारात एकटेच राहतात. जुन्नरला यायला तयार नाहीत. उरलेली चार मेंढरं त्यांना सोडवत नाहीत. "मला म्हणत्यात, तुज्या घराला जिना हाय, मेंढरं कशी चढतील?" कानांनी पार बहिरे, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. मोबाईल दिला तर त्यांच्या राठ बोटांना तो दादच देईना. मग त्याने भंगारातला कॉम्प्युटर नीट करून, नेट जोडून, चुलीपासून लांब मांडला आणि सांगितलं, रोज उठल्यावर हे मेंढरू सोडायचं, निजताना बांधायचं. आबा बटण दाबतात, कॉम्प्युटर पाण्याला येतो, इकडे ठिपका हिरवा होतो आणि सोपानभाऊला कळतं, आबा उठले. आणि म्होरकीमार्फत रोज पडद्यावर मोठ्या अक्षरांत चार शब्द जातात. आबा दुसरीपर्यंत शिकलेले, सावकाश वाचतात.

"दिसा ते बांधत न्हाईत कधी," तो म्हणाला. "काळा ठिपका म्हंजे लाईट गेली, न्हाईतर..." समोरून जुन्नरची एसटी घरघरत गेली आणि तिची धूळ दोघांच्या डोळ्यांत गेली. त्याने डोळे पुसले, मीही पुसले.

आळ्याला पोचलो तर घराला कडी. आत मेंढरं नाहीत. बाजूचा ऊस माणसापेक्षा उंच आणि त्यात वारंही हलत नव्हतं. लाईट होती, ओट्यावरचा दिवा जळत होता. सोपानभाऊ एकदा दिव्याकडे बघे, एकदा उसाकडे. त्याने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. बहिऱ्या माणसाला काय हाक मारणार? नोकरी गेली तर गेली, पण हे असं नको, असं मी मनात म्हणत राहिले.

शेजारची बाई बांधावरून आली. "आबा व्हय? त्ये सकाळच्यालाच फाट्याकडं गेलं. मेंढरं माज्या दारात बांधून गेलं. लई घाईत व्हतं. काय झालं म्हणून हातवारं करून इचारलं, तर बोललं न्हाईत."

तेवढ्यात माझा फोन वाजला. आमचा शिपाई होता. "मॅडम, हितं एक म्हातारं आलंय. खांद्यावर घोंगडी हाय. सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसलंय आन् काय केल्या उठत न्हाई. सोपानभाऊची खुर्ची कुठली, एवढंच इचारतंय."

म्हणजे धूळ उडवत गेलेल्या त्या एसटीत आबा होते. सोपानभाऊने बांधावर बसकण मारली. मी त्याच्यापुढे चपला ठेवल्या. त्याने त्या घातल्या.

परत आलो तेव्हा कचेरीत सगळीकडे समया लागलेल्या होत्या आणि समिती जेवायला गेली होती. साहेब सर्व्हरच्या खोलीच्या दारात उभे होते. आत आबा सोपानभाऊच्या खुर्चीत बसले होते, अंगाने काटकुळे, डोक्याला लाल मुंडासं, समोर साहेबांनी मागवलेला चहा तसाच साय धरून पडलेला. सोपानभाऊला पाहून ते उठले.

"आज तू लिवलंच न्हाईस," आबा मोठ्याने म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं. "रोज लिवतोस, मी बरा हाय. आज बघतोय तर समई लावलेली आन् गेलेल्याच्या फोटूला घालत्यात तशा फुलांच्या माळा. खालचं वाचायला धीरच झाला न्हाई. मेंढरू बांधलं आन् निगालो."

सोपानभाऊ इतकी वर्षं त्या ठिपक्यावरून आबांवर नजर ठेवून होता. त्याच पडद्यावरून तिकडे आबाही रोज आपल्या लेकाची खबर घेत असतील, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्याही नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मी साहेबांना दोन वाक्यांत हकिकत सांगितली. त्यांनी घसा खाकरला. "बाई, ते जास्तीचं यंत्र त्याचं स्वतःचं आहे, असं समितीला मी सांगतो. राहू दे ते," असं म्हणून ते बाहेर गेले.

आबांनी घोंगडी सावरली, लेकाच्या जवळ आले आणि मेंढराला लावतात तसा त्याच्या कानामागे उलटा हात लावला. क्षणभर डोळे मिटले.

"ताप न्हाई," ते म्हणाले.

सोपानभाऊ मान वाकवून तसाच उभा राहिला. मागच्या पडद्यावर आळे-सातचा ठिपका अजून काळाच होता, आणि त्याचं तिकडे लक्षही गेलं नाही.