हमीदभाईंच्या गाडीचा पट्टा

वडशातले हमीदभाई माणसाशी बोलण्याआधी एक डोळा मिटून त्याच्याकडे बघतात. माणूस सुतात आहे की नाही, हे त्यांना आधी पाहायचं असतं. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "गुरुजी, डावा खांदा झुकून राह्यला तुमचा." तेव्हापासून मी फोटोत उजवीकडे कललेला दिसतो.

भातगिरण्यांचे पट्टे सरळ करणं हा त्यांचा धंदा. पट्टा घसरला की मालक नवा आणायला निघतो. हमीदभाई खाली बसून रबराची काळी भुकटी कोणत्या बाजूला सांडली ते बघतात, दोन्ही चाकांना सुतळी लावतात आणि मोटर जराशी सरकवतात. "पट्ट्यावर आळ नका घेऊ. मोटर कुठी पाहून राह्यली ते पाहा."

त्यांनी भंगारातून बनवलेल्या बॅटरीवरच्या फटफटीचा पट्टा मात्र रोज उतरायचा. शाळेत जाताना मागे मी बसायचो आणि ढकलायचोही मीच. माझा घेर पाहता दोष कोणाचा, यावर बाजारात एकमत होतं.

एकदा रेल्वे फाटकाजवळ पट्टा उतरला. हमीदभाईंनी सुतळी लावून पाहिली. "गुरुजी, दोन्ही पाय डाव्या बाजूले घेऊन बसा."

"काऊन?" घाबरून मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"बसून तं पाहा."

मी बसलो आणि गाडी सुरळीत धावली. भर बाजारातून मी नव्या नवरीसारखा शाळेपर्यंत गेलो. त्या दिवशी वर्गात पाढे झाले नाहीत, हसण्यातच तास संपला.

संध्याकाळी ते न्यायला आले तेव्हा मी चिडलेलोच होतो. "गिरणीवाल्यांना सांगता, मग स्वतःची मोटर का नाही सरकवत?"

हमीदभाई हातातली सुतळी गुंडाळत राहिले. त्यांची बायको, शमीमभाभी, गेल्या पावसाळ्यात वारली. पेट्रोलच्या धुरानं तिला धाप लागायची, म्हणून तर त्यांनी ही गाडी बॅटरीवर केली होती. याच सीटवर दोन्ही पाय डाव्या बाजूला घेऊन बसून ती दवाखान्यात जायची.

"तिले बसवूनच सूत लावलं होतं," ते म्हणाले. "मोटर सरकवली, तं तिची जागा जाते."

मला फार वाईट वाटलं. शाळेच्या दाराशी पोरं आधीच जमली होती. मी दोन्ही पाय डाव्या बाजूला घेतले आणि पदर सावरावा तसा धोतराचा सोगा सावरून बसलो. घरापर्यंत पट्टा उतरला नाही.